उसनं माप

सोमवारी दोन्ही यंत्रं परत करायची,
किंवा पैसे मोजून एक ठेवून घ्यायचं. एकच.
बाहेर तार्तूत दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेत.

पहिलं बुटकं, गोगलगाईसारखं
मॉनिटरच्या काचेला चिकटून बसतं.
आत रंगीत काचेचे तीन तुकडे, बस्स.
आकडा पटकन देतं,
अगदी दलदलीच्या काळ्या पाण्यावरही
डगमगत नाही.
पण आधी सांगावं लागतं त्याला
पडदा कुठल्या जातीचा, मागचा दिवा कुठल्या घरचा.
'रंग मोजायला बसलाय की सोयरीक जुळवायला?'
हेल्दूर म्हणतो.
आणि ते तुकडे वर्षागणिक विटत जातात,
कुणाला न सांगता.

दुसरं तिप्पट किमतीचं.
ते उजेडाची लडी सोडवतं
आणि धागा न् धागा मोजतं.
तांबडं विचारावं तर यालाच.
काळ्यावर नेलं की मात्र चाचपडतं,
एकाच अंधाराचे तीनदा तीन आकडे,
आणि मध्येच अडून बसतं:
आधी मला माझी पांढरी फरशी दाखवा.

पुस्तक मारीकाचं.
अकरा शरद ऋतू, एकच दलदल.
पानंच्या पानं काळं पाणी,
आणि कडेला कुठेतरी
मूठभर क्रॅनबेरी.
काळं एकाच्या हाती, तांबडं दुसऱ्याच्या.
मी दोन दिवस आकड्यांचे तक्ते करतेय.

शुक्रवारी शाईचे डबे लावताना
हेल्दूरनं सांगितलं, नळ गळतोय सांगावं तसं:
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून
त्या डोळ्याला कागद निळसर दिसतो.
उजव्याला तोच कागद
चहा सांडून वाळल्यासारखा.
'चाळीस वर्षं,' म्हणाला,
'हाच पांढरा म्हणून सह्या केल्या मी.'
मग झाकण लागत नव्हतं
ते अंगठ्यानं दाबत राहिला.

शेवटी त्यानंच सुचवलं.
बुटकं ठेवू.
विद्यापीठात उर्मासकडे मोठं यंत्र आहे,
एक दुपार मागून आणू.
दोघांना एकाच पडद्यासमोर बसवू,
धाकट्याची चूक किती ते थोरल्याकडून लिहून घेऊ
आणि तेवढी वजा करत जाऊ.
पुढच्या हिवाळ्यात पुन्हा.

आज ती दुरुस्ती चढवली.
मारीकानं फ्रीजरमधून क्रॅनबेरी आणल्या,
बशीत, दिव्याखाली, मॉनिटरशेजारी.
त्या वितळायला लागल्या,
खालच्या कागदावर तांबडं पसरत गेलं,
दर मिनिटाला जरा फिकं.
'लवकर बघा,' ती म्हणाली.

हेल्दूर वाकला.
एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा.
बराच वेळ.
'हो,' म्हणाला, 'छापा.'

कुठल्या डोळ्यानं,
मी विचारलं नाही.