गाठीचा शेजार

नावाच्या जागी आकडा, असा आमचा नियम.
पण चारशे सतरा म्हणजे कोण, ते मला ठाऊक आहे.
पोव्हुआच्या धक्क्यावर जाळी सांधणारी देओलिंदा,
आमच्या गल्लीत तिसरं दार.
तिनेच सांगितलं, कांदे निवडता निवडता,
"माझा तुकडा तुमच्या पोर्तोच्या इस्पितळात आलाय.
नीट बघ हं. वाया घालवू नकोस."

बघते मी.
मेणात बसवलेला, केसाहून पातळ कापलेला,
गुलाबी, जांभळा.
मधोमध गाठ, एकमेकींवर रेललेल्या पेशींची,
आणि तिच्याभोवती निमुळत्या, लांबट,
तंतू विणणाऱ्या दुसऱ्या पेशी.
या कर्करोगाच्या नाहीत.
दर वेळी हे मला स्वतःला बजावावं लागतं.
त्यांच्या पोथीत अक्षर बिघडल्याचं दिसत नाही,
कुठलं पान मोठ्याने वाचायचं
तेवढंच बदललंय.

एरवी काम साधं त्यांचं.
बोट कापलं की धावायचं,
कोलॅजन विणून कडा जवळ ओढायच्या,
जखम मिटली की आपापल्या जागी गप्प.
शेजारधर्म.
इथे मात्र रोज रात्री कुणीतरी दार ठोठावतं,
लागलंय गं, लागलंय,
आणि त्या उठतात.
रोज उठतात.
वीण इतकी घट्ट होते की औषध बाहेरच अडतं,
आणि गाठीला मात्र
त्याच वीणेतून पायवाटा फुटतात.

दोन वर्षांनी दुसरा तुकडा आला, यकृतातला.
बर्फ, उणे ऐंशीचा कप्पा, हातमोजे, आरएनए,
मग पडद्यावर चौकोनच चौकोन,
लाल म्हणजे मोठ्याने, निळा म्हणजे पुटपुटत.
तीच पानं.
छातीतल्या शेजारणी वाचत होत्या तीच,
जवळपास त्याच चालीवर.
या यकृतातच जन्मल्या असतील
तर गाठीकडून बोली शिकल्या.
की गाठीनेच येताना
पाठराखीण सोबत आणली?
इलीदियु म्हणतो, आणली.
मी म्हणते, शिकल्या.
कॉफी निवून जाते, ठरत नाही.
एक पान तेवढं यकृतात मिटलेलं,
छातीत ते सताड उघडं होतं.
कशाचं, सांगता येत नाही.
वहीत पेन्सिलीने खूण केली आहे.

शनिवारी धक्क्यावर उत्तरेचा वारा.
देओलिंदा पालथ्या पेटीवर बसलेली,
मांडीवर हिरवं नायलॉन, उजव्या हातात लाकडी सुई.
काखेतल्या ग्रंथी काढल्यापासून
डावा हात सुजलेला असतो,
म्हणून दोऱ्याचं दुसरं टोक ती दातांत धरते.
तिच्या धंद्यात गाठ म्हणजे भरवसा.
सुटली तर मासे गेले.
हे मला तिथे उभं राहून सुचलं
आणि लगेच नकोसं झालं.

दोरा दातांत, म्हणून अर्धवट शब्दांत तिने विचारलं,
"दिसलं का काही?"
असं काही सांगायचं नसतं आम्ही.
"शेजारी दिसले," मी म्हणाले.
"आपल्या गल्लीसारखे?"
"मदतीला धावणारे."
ती हसली, खोकली,
"म्हणजे भिंतीला कान लावून बसलेले."

मग सार्डिनचा भाव विचारला,
मी सांगितला,
महाग आहे म्हणाली,
आणि दोरा तोडला.