कानोसा

दर तासाला पाच मिनिटं दिवा लागतो.
दिवा तिकडे, अकराशे मीटर खाली,
खटका इकडे, माझ्या कॉफीच्या कपाशेजारी.
मधे चाळीस किलोमीटर केबल,
अंगठ्याएवढी जाड,
जिच्यावर आता कुणीकुणी घरं केली आहेत.

दिवा लाल. तळाच्या डोळ्यांना लाल कळत नाही, म्हणतात.
म्हणतात. विचारलं कुणी नाही.

पडद्यावर आधी नुसता चुरा:
वरच्या जगात जे जे संपलं त्याची भुकटी,
न घाईची, न थांबणारी.
मग चिखल.
मग चिखलावर ती,
समुद्रकाकडी क्रमांक सतरा,
मागच्या तासापेक्षा दीड वीत पुढे.
वहीत लिहायचं: वेळ, तापमान, दीड वीत.
नाव द्यायचं नाही, असा नियम आहे.
नावं ठेवायला बंदी नाही.

बाबा पहिल्यांदा आले ते जानेवारीत.
व्हेस्टरोलनच्या किनाऱ्यावरून सूर्य नोव्हेंबरात गेलेला,
अजून फिरकला नव्हता.
आयलर्ट, वय अठ्ठ्याहत्तर,
त्रेचाळीस वर्षं याच पाण्यावर कॉड धरलेला माणूस,
झोप लागत नाही म्हणून
रात्री अडीचला माझ्या कामावर.
लोकरी हातमोजे हीटरवर टाकून बसले.
दिवा लागला.
बराच वेळ बघून म्हणाले,
"बघायच्या आधी सांगतेस का त्यांना?"
मी हसले. ते हसले नाहीत.
मग सतरा नंबर दिसली, तसे पुढे वाकले:
"ही तर आपली ओलाउग आत्या!
चर्चला निघाली की अशीच निघायची,
पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली."

त्यांच्या कानांवर मी हेडफोन चढवले.
तळाशी माइकही आहे, म्हटलं, ऐका.
पाण्याची घरघर. लांब कुठेतरी
एक देवमासा, स्वतःशीच बोलल्यासारखा.
बाबांच्या चेहऱ्यावर काही नाही.
आणि मग एकाएकी हात वर: गप्प.

टुक्. टुक्. टुक्.

जुनं इंजिन, एका सिलिंडरचं.
"मोज," म्हणाले. "सातव्याला अडखळतं."
सातव्याला अडखळलं.

हावदीस.
गुडघे गेले तेव्हा गुन्लाइकला विकलेली,
नऊ वर्षं झाली;
तिचं नावही घरात निघत नाही.
आणि ती आमच्या डोक्यावरून नाही,
तळाच्या डोक्यावरून चाललेली, उत्तरेकडे,
पहाटेचा गळ टाकायला.

"वर हा ठोका कधी ऐकू आला नाही मला.
वारा असायचा. तळव्यांना तेवढा ठाऊक होता."
मग एकदम, जरा मोठ्याने,
हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसं:
"म्हणजे त्रेचाळीस वर्षं
खाली हे असं ऐकू जात होतं?"
हो.
"रोज?"
हो, बाबा.
"आम्हाला वाटायचं, कानोसा आम्ही घेतोय."

तीन वाजून पाच मिनिटांनी दिवा आपोआप विझला.
चिखल गेला, चुरा गेला, आत्या गेली.
आवाज मात्र राहिला,
लहान होत, लहान होत,
बाबांच्या मानेच्या हालचालीत
तो संपल्यावरही थोडा वेळ.

हातमोजे घेतले. एक खालीच पडला, मी दिला.
जिना लोखंडी आहे, फार वाजतो.
ते बूट हातात घेऊन उतरले,
मोज्यांवर, एकेक पायरी,
खाली कुणी झोपलेलं असावं तसे.

मी वहीत लिहिलं:
एक होडी, उत्तरेकडे. नाव हावदीस.
नियम प्राण्यांसाठी आहे, होड्यांसाठी नाही.

चार वाजता दिवा लावला.
सतरा होती तिथेच.
दीड वीत नाही, बोटभरही नाही.
कारणाच्या रकान्यात
मी बराच वेळ पेन टेकवून बसले.