साचा क्रमांक अकरा

दर पंधरा दिवसांनी नवा जोड घालायचा,
दापोलीच्या डॉक्टर परकारबाईंनी सांगितलं
आणि चोवीस पाकिटांची पिशवी हातात दिली.
घरी येऊन कॅलेंडरवर खुणा करत गेले
तर पहिली खूण अवसेला, दुसरी पुनवेला,
तिसरी पुन्हा अवसेला.
म्हणजे खाडीला उधाण येईल त्या रात्री
माझ्या हिरड्यांनाही.

तसंच झालं.
पहिले दोन दिवस मऊ भातसुद्धा डोळ्यांत पाणी आणतो.
सुळा म्हणतो, मी इथला.
प्लास्टिक म्हणतं, सरक.
सप्तमी-अष्टमीला भांग लागतो, पाणी मंदावतं,
साचा सैल बसतो
आणि तोंडात काही आहे हे मी विसरते.

दाभोळच्या फेरीबोटीवर मी तिकिटं फाडते.
पहिल्या आठवड्यात "सुटे द्या, साठ रुपये"
हे "थुटे द्या, थाठ रुपये" असं बाहेर पडलं.
टेम्पोवाला रौफ म्हणाला, "थाठ कथाला, पन्नाथ घ्या ना."
मी हसले. हात तोंडावर गेला.

तो जातोच.
शाळेत मला खोवणी म्हणायचे,
वैजूला पाटावर बसवा, नारळ आणा.
तेव्हापासून मतदान कार्डावर, नोकरीच्या ओळखपत्रावर,
भावाच्या लग्नाच्या फोटोत
ओठ मिटलेली एक गंभीर बाई उभी आहे.
माझी तिची फारशी ओळख नाही.

आई सुकट निवडता निवडता विचारते,
"किती भरलेस गो?"
मी निम्माच आकडा सांगते.
"आणि दिसत पण नाही?"
न दिसण्याचेच पैसे आहेत, आई.
ती सुपातला कचरा फुंकते.
तिचे मशेरीनं नेले, पन्नाशीच्या आत.
आता कवळी आहे, स्टीलच्या पेल्यात,
मोरीच्या फळीवर, माझ्या निळ्या डबीला लागून.
पानं वाढली की
ती दात घालते, मी दात काढते.
मग समोरासमोर बसून
दोघी बांगड्याचे काटे बाजूला करत राहतो,
ती तिच्या विकतच्यांनी,
मी माझ्या दुखऱ्यांनी.

अकरावा हरवला.
धोपाव्याच्या धक्क्यावर डबा खाताना
तिकिटांच्या कोऱ्या कागदात गुंडाळून मांडीवर ठेवला होता.
बोटीनं भोंगा दिला, मी उठले,
कागद गेला रॅम्प आणि धक्का यांच्यामधल्या पाण्यात.
वाकून पाहिलं. खलाशी जनार्दनदाही वाकले.
"कसला होता?"
"दातांसारखा."
"रंग?"
"रंग नाही."
त्यांनी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
आणि दोर सोडला.

बाई फोनवर म्हणाल्या, दहावाच घाल परत,
नवा येईपर्यंत. रिकामी राहू नकोस.
दात थांबत नाहीत, जुन्या जागी निघतात.
"किती दिवसांत?"
"तुला कळायच्या आत."
आणि चोवीस संपले तरी
रात्रीचा एक साचा राहील, कायमचा.
यात मला नवीन काही वाटलं नाही.
खाडीच्या तोंडावरची वाळू उपसतात,
ती तिथंच येऊन बसते.
तांडेल शिव्या देतात, बोट वळवून काढतात.

काल दुसरा अकरावा आला, पार्सलनं.
आईनं तो ट्यूबलाइटसमोर धरून फिरवला.
"हे कुणाचे?"
"माझेच. पुढच्या पुनवेचे."
तिनं मला तोंड उघडायला लावलं,
गिऱ्हाइकाला दाखवायला माशाचा कल्ला उघडते तसं,
मिठाच्या बोटानं सुळा चाचपला
आणि म्हणाली, "हा अजून इथंच आहे."
मला कळलं नाही
ती तक्रार होती की काय.