पाव फेरा

सकाळी सहाला, दुपारी बाराला,
संध्याकाळी सहाला, झोपण्याआधी दहाला
मी पान्याने एक नट पाव फेरा फिरवतो.
चार पाव मिळून एक मिलिमीटर.
कुर्गानच्या या इस्पितळात
माझ्या लेकीला मी असा रोज वाढवतो.

ती म्हणते, अताय, चावी देतोयस का मला?
मी म्हणतो, हलू नकोस.
हलत असतो तो पाना.
पंचवीस वर्षं मधमाश्यांत वावरलेले हात,
त्यांना कंप माहीत नव्हता.

तिच्या हाडांत लहानपणापासून
कूर्चेची बेटं. मऊ, अडेलतट्टू.
डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला
तेव्हा मी म्हणालो, किडलेलं लाकूड.
मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

डावा पाय बावन्न मिलिमीटर मागे.
तरी तान्सुल्पान स्कीवर उभी राहिली,
एका बुटाला जाड तळवा ठोकून,
आणि चौदाव्या वर्षी जिल्ह्यात तिसरी आली.
दुसरीचा बाप तळव्याबद्दल तक्रार करायला गेला होता.

आमच्या बुर्झ्यानच्या रानात
कमरेला पट्टा बांधून आम्ही पाइनवर चढतो,
जित्या खोडात ढोली कोरतो
आणि तशीच सोडून देतो. वर्ष, दोन वर्षं.
झाड मरत नाही.
माश्या येतात, नाही तर येत नाहीत.
माझ्या आज्याने कोरलेली एक ढोली अजून रिकामी आहे.

बाई म्हणाल्या, हाड कापायचं, मग हळूहळू ओढायचं.
मधली फट शरीर आपलं आपण भरतं.
घाई केली तर भरत नाही,
रेंगाळलं तर आधीच सांधून बसतं.
मला एका दमात कळलं.
बायकोला फोनवर सांगायला तीन रात्री गेल्या.

तारांच्या भोकांतून पू आला त्या आठवड्यात
तिने संघातल्या मुलींचा ग्रुप सोडला.
शेजारच्या खाटेवरची प्रास्कोव्या
तिला मोजे विणायला शिकवणार होती.
हिने सुया पाहिल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.
त्या रात्री दहाचा फेरा तिने स्वतः दिला.
माझ्याकडे बघितलं नाही.
पुढचे सगळे फेरेही तिनेच दिले.

खिडकीखालची तोबोल गोठली, तडकली, वाहू लागली.
एक्स-रेमधल्या फटीत आधी धूर दिसायचा,
मग जाळी,
मग मला जे दिसलं त्याचं नाव मी घेतलं नाही.
एकदा लाकूड म्हणून बसलो होतो, तेवढं पुरे.

आता मार्च. घरी आहोत.
शर्यत अजून दोन वर्षं नाही.
मनगटात एक बेट आहे, खुब्यात दोन,
त्यांचं काय होणार, कोणी छातीठोक सांगत नाही.
ती रानाच्या कडेपर्यंत जाते, हळू.
वळणावर पडते आणि रशियनमध्ये शिव्या देते,
मला ऐकू येत नाही असं समजून.

पूर्वी वीस जणांच्या मागांतून
मी तिचा माग काढायचो:
उजवी रेघ खोल, डावी नुसती टेकलेली.
काल संध्याकाळी अंगणापुढे चार माग होते.
वाकलो. रेघांत बोटं घालून बघितली.
कुठला तिचा, कळेना.
अंधार पडेपर्यंत तिथंच उभा होतो,
बायको हाका मारत होती.

रात्री दहाला हात अजून खिशात जातो.
पाना तिने परत दिलेला नाही.