काट्यावर

मानवतच्या जिनिंगमध्ये
बावीस वर्षं कापसाच्या गाड्या मोजल्या.
भरलेली वजा रिकामी.
पावती फाडायची, पुढची गाडी.

वरात निघाली की लोक माझ्याकडं द्यायचे
घड्याळं, चष्मे, कुणाची कवळी,
एकदा तर तान्हं लेकरू.
"धर रे मुंजा, तुला कुठं नाचायचंय."
धरलं.
नीट धरलं.

साडूच्या लग्नात कौसानं हात ओढला होता,
"या की, कोण बघू लागलंय?"
हलगी अशी कडाडत होती
की पोटातलं पाणी हलावं.
मी खिसे चाचपले,
परक्यांची घड्याळं होती त्यात.
नंतर तिनं ओढला नाही.

शिकता आलं असतं.
कुणी फी मागत नव्हतं.

काल हंगामातली शेवटची गाडी गेली.
यार्डात सरकीचा वास, एक कुत्रं.
दिवा तसाच ठेवून
काट्यावर जाऊन उभा राहिलो.
साठ.

डावा पाय उचलला, आपटला.
उजवा.
गुडघा काहीतरी बोलला, ऐकलं नाही.
खिडकीतला लाल आकडा
सत्तर, पन्नास, सत्तर.

मी थांबलो तरी
तो जरा वेळ हलत राहिला.
सवयीनं पावतीपुस्तक ओढलं,
आणि यातून वजा काय करायचं
ते कळेना.