सोळा बिट

कुलरचं तोंड मी मशीनकडे वळवलंय.
घाम माझा, वाळ्याचा वास त्याचा.
कॅबिनेटचं एक दार काढून ठेवलंय,
तापलेल्या पोराचा सदरा काढावा तसं.
मे महिना. गांधीबाग. दुसरा मजला.
खाली सेंट्रल एव्हेन्यूवर डांबर चपलांना धरून राहिलंय.

फाइल साडेतीन जीबीची.
पाचपावलीच्या मागावरचं गर्द जांभळं लुगडं
आणि ते नेसून उभी चंद्रकला निखारे,
जिनं ते विणलं, तीच.
डांगोरे म्हणाले, "मॉडेल लय महाग पडते बाप्पा,
हे बाई बरी आहे.
तू फक्त हात तेवढे साफ करून दे."

हात.
पदर धरलेला उजवा, तीनशे टक्क्यांवर:
पेरांमध्ये मुरलेला रंग,
अंगठ्यावर जुनी खाच, बहुतेक धोट्याची,
एक नख जन्मभरासाठी वाकडं.

मी ब्रश टेकवतो.
काही होत नाही.
गोल चाक फिरतं. मी मोजतो.
सात. आठ. नऊ.
अकराव्या सेकंदाला खाच जाते.
तोवर ती गेलेली असते आणि असतेही,
गावाकडे माणूस गेलेला असतो
आणि इकडे आपण त्याच्यासाठी
बर्डीवरून चष्म्याची दोरी घेत असतो
तशी.

रॅम बत्तीस. स्क्रॅच डिस्क गळ्यापर्यंत भरलेली.
हिस्ट्री शंभरावरून दहावर आणली आहे,
म्हणजे दहा चुका मागे घेता येतील,
अकरावी पदरात.

शेजारचा प्रफुल्ल लग्नाचे अल्बम करतो,
रात्रीतून चारशे चेहरे गोरे करून मोकळा होतो.
"आठ बिट करून टाक ना बे,
काहून जीव खाऊन राहिला त्या मशीनचा?
छापून तं आठच येते."
खरं आहे त्याचं.
केलं.
ब्रश असा पळाला की हात मागे राहिला.
पण तिच्या मागच्या भिंतीवरचा उजेड,
जो काळ्यातून तपकिरीत केव्हा गेला
ते कुणाला सांगता आलं नसतं,
तो पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरला,
आणि निऱ्यांच्या घडीत जिथे काळ्याच्या आत
अजून एक काळा होता, जांभळाच्या सालीसारखा,
तिथे नुसतं भोक.

अनडू.
(अठरा सेकंद.)

एकेका रंगाच्या पासष्ट हजार पायऱ्या.
कागद त्यातल्या फार तर अडीचशे घेतो.
उरलेल्यांचं काय होतं, मला विचारू नका.
मी त्यांच्यावरून रोज चढतो-उतरतो
आणि बिलात त्यांची ओळ नसते.

पावणेपाचला लाइन गेली.
यूपीएसचं आयुष्य सात मिनिटं.
सेव्हला टाकलं.
निळी पट्टी मुंगीनं साखर ओढावी तशी सरकली,
चौऱ्याण्णवला थांबली,
आणि सातवं मिनिट संपलं.

मे महिन्यात पाच वाजता अंधार होत नाही.
फक्त पंखे थांबतात.
कुलरमधून टपकणारं पाणी ऐकू येतं.
माझ्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा आहे,
चणाडाळीएवढा, पिवळट.
दाबून पाहिला. दुखत नाही.
असल्या हाताला फोटोत कोणी पदर धरायला लावत नाही,
म्हणून बरंय.

साडेपाचला लाइन आली.
फाइल उघडली, नावापुढे 'रिकव्हर्ड' लावून.
खाच जागेवर. पेरांतला रंग जागेवर.
नख तसंच वाकडं, जसं काही
जेवायला घरी जाऊन आलं.
चार तासांची माझी मेहनत तेवढी कुठेच नव्हती.

डांगोरेंचा फोन. "झालं का?"
"होऊन राहिलं," म्हणालो.

कुलर थोडा माझ्याकडे वळवला.
ब्रश बारावर आणला,
आणि हाताकडे न जाता आधी
भिंतीवरची माशी काढायला घेतली.
एक. दोन. तीन.