आजची पावलं

रात्री दहाला वीचॅट यादी लावतं:
आज कोण किती चाललं.
यीवूच्या गोदामात मी मोज्यांचे गठ्ठे
या मांडणीतून त्या मांडणीत नेते,
एकोणीस हजार सहज होतात.
तरी वर असते कोउ श्युचिन,
ती पार्सलं पोचवते, जिने चढते.

बाप यादीत मधोमध.
हुइनिंगच्या कोरड्या उतारावर, बटाट्यांत,
सहा हजार, साडेसहा.
लिहायला येत नाही त्याला, आवाज पाठवतो
साठ सेकंदांचे,
त्यातले चाळीस खोकला, कोंबड्या आणि "हं".
अक्षरं करून दे म्हटलं तर फोन
आमच्या बोलीचं भलतंच करतो:
बाप म्हणाला, विहिरीवर बर्फ धरलंय.
फोननं लिहिलं, व्यवस्थापक विवाहित आहे.

म्हणून मी आकडे वाचते.
आठ हजार म्हणजे बाजाराचा दिवस.
दोन हजार म्हणजे गुडघा.
चारशे म्हणजे फोन घरी, बाप शेतात.
आकड्यावर मी एक बदाम ठेवते,
माझ्या आकड्यावर तो.
वर्षाचं बोलणं त्यातच आटोपतं.

घरच्यांचा गट वेगळा. तिथं आत्या सांगते
पालकाबरोबर काय खाऊ नये,
सणाला चुलतभाऊ लाल पाकीट टाकतो,
पंचवीस जण झडप घालतात,
माझ्या वाट्याला सदुसष्ट पैसे.

या हिवाळ्यात बाप एकदम वाढला.
अकरा हजार. तेरा.
एका गुरुवारी सतरा हजार तीनशे, यादीत पहिला.
पहिल्याचं चित्र सगळ्यांच्या पडद्यावर झळकतं,
बापाचं चित्र म्हणजे गुलाबी कमळ,
मीच कधीतरी लावून दिलेलं.
आत्या म्हणाली, म्हाताऱ्याला पाय फुटले.
मी सकाळी विचारलं. उत्तर अंधार पडल्यावर आलं,
नऊ सेकंद:
"ऊन बरं आहे. चालतो."

रविवारी वरच्या बाकावर लान निंग
श्याओहोंगशूवर दुसऱ्यांच्या खिडक्या, पडदे, कॉफ्या बघत पडलेली,
आणि मी क्वायशोऊवर गावाकडची माणसं.
पाओ एरमिंग थेट प्रक्षेपणात शेवया विकत होता,
चाळीस जण बघत होते.
"भाऊहो, निव्वळ बटाटा! भेसळ निघाली तर माझं आडनाव बदला!"
त्याच्या खांद्यामागून
आमचं गाढव गेलं, खताची गाडी ओढत.
गळ्यात लाल कापडाची पिशवी,
आईनं शिवलेली, मी पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा.
पिशवीतून एक चौकोनी कोपरा
उन्हात चमकला.

आणि दारात बाप.
एका स्टुलावर तो,
दुसऱ्यावर त्याचा पाय, पांढराशुभ्र, प्लास्टरमधला.

पडद्यावरून सहा-सहा-सहा धावत होते, वा, वा, वा.
कुणीतरी विचारलं, गाढव केवढ्याला?

अडला बाप, गाढवाचे पाय धरी.

मी हसले. लान निंगनं वाकून पाहिलं, काय झालं?
काही नाही म्हटलं आणि शेवयांची दोन पाकिटं मागवली,
खोलीत चूल नाही हे विसरून.

रात्री दहा. कमळ पहिलं, पंधरा हजार नऊशे.
मी बदाम ठेवला. कुणाला ठेवला
ते माझं मलाच ठाऊक.
मग लिहिलं: पाय कसा आहे?
शेजारच्या पोराकडून वाचून घेतो तो, कधीकधी.
पाठवलं ते मागं घ्यायला दोन मिनिटं असतात.
एक मिनिट पन्नासला मी मागं घेतलं.
त्याच्याकडे राखाडी ओळ उरली असेल,
समोरून एक संदेश मागे घेण्यात आला.
कुणी वाचलं की नाही
हे वीचॅट सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी यादीत
मी बापाला शोधत खाली खाली गेले.
शेवटून तिसरा.
दोनशे बारा.

रात्रपाळीच्या बायका यायच्या आत
रिकाम्या गोदामात मी मोजून चालले:
खांगपासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत,
दारातून गाढवाकडे,
एक पाय ओढत,
आणि परत.